फोन सारखा रिस्टार्ट होतोय? रिसेट मारायच्या आधी हे वाचा

फोन हातात आहे, काहीतरी वाचतोय, आणि मधेच स्क्रीन काळी होते, मग कंपनीचा लोगो येतो, मग परत पिन टाका. पहिल्यांदा झालं की आपण सोडून देतो, दिवसातून चारदा व्हायला लागलं की पोटात गोळा येतो, आणि मग कोणीतरी हमखास सांगतं, "रिसेट मार, होईल नीट." मीपण तेच केलं होतं. थेट फॅक्टरी रिसेट मारला, दीड वर्षाचे फोटो गेले, आणि रिसेटनंतरचं सेटअप चालू असतानाच फोन परत रिस्टार्ट झाला! दोन दिवसांनी कळलं की नवीन घेतलेलं कव्हर पॉवर बटण दाबून धरत होतं. बास, एवढंच होतं.

तेव्हापासून माझी एकच पद्धत आहे. फोन कधी रिस्टार्ट होतो ते आधी बघायचं आणि उपायाला हात नंतर लावायचा, कारण बाहेरून सगळे रिस्टार्ट सारखेच दिसतात पण ते होतात कधी यावरून कारण बऱ्यापैकी पकडता येतं.

सगळ्यात आधी डेटा

फोन अजून चालू होतोय तोवर फोटो आणि कॉन्टॅक्ट्स बाहेर काढा, कॉम्प्युटरवर किंवा क्लाउडवर, कुठेही. व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो, तो विसरू नका, आणि ओटीपीचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर ते दुसऱ्या फोनवर हलवा. हे पुढे ढकलू नका, कारण हल्लीच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि त्याची किल्ली त्याच फोनच्या बोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पट्ट्यावर, असते, म्हणजे बोर्ड मेला तर मेमरीची चिप काढून दुसरीकडे वाचायची सोय राहत नाही. बॅकअप घेताना मधेच फोन बंद पडत असेल तर चार्जरला लावून, ब्राइटनेस कमी करून, थोडं थोडं काढा.

हा बिघाडच आहे का तेही बघा

हसू नका, पण काही फोन मुद्दाम रिस्टार्ट होतात. सॅमसंगमध्ये डिव्हाइस केअरच्या आत ऑटो ऑप्टिमायझेशन म्हणून भाग असतो, तिथे गरज पडली तर किंवा ठरलेल्या वेळी आपोआप रिस्टार्ट व्हायची सोय आहे. इतर बऱ्याच कंपन्यांच्या फोनमध्ये ठरलेल्या वेळी बंद-चालू होण्याचं सेटिंग असतं आणि ते कधीतरी आपणच चालू करून विसरलेलो असतो. रात्री अपडेट आपोआप बसलं तरी सकाळी फोन पिन मागतो. आणि फोन नुसता पडून असेल तर अजून एक प्रकार आहे. २०२४ मध्ये आयओएस १८.१ पासून आयफोन सलग ३ दिवस अनलॉक झाला नाही तर सुरक्षेसाठी स्वतःच रिस्टार्ट होतो, आणि २०२५ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठीही तशीच सोय आणली. तेव्हा कपाटातला जुना फोन "आपोआप" रिस्टार्ट झाला तर लगेच भूत शोधू नका.

दुसरं म्हणजे पूर्ण रिस्टार्ट होतोय की नुसता वरचा भाग कोसळतोय, हे कळायला हवं. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये अबाउट फोनच्या आत, बऱ्याचदा स्टेटसखाली, अप टाइम लिहिलेला असतो, म्हणजे फोन किती तास सलग चालू आहे ते. फोन "रिस्टार्ट" झाल्यावर लगेच तिथे बघा. आकडा शून्यापासून सुरू झाला असेल तर फोन खरोखर बंद होऊन चालू झालाय. आकडा जुनाच पुढे चाललाय पण स्क्रीन मात्र गेली आली होती, तर खाली सिस्टिमचा गाभा चालूच होता, फक्त वरची अँड्रॉइडची बाजू पडून उठली, आणि तसं असेल तर संशय सॉफ्टवेअरवर घ्यायचा, बॅटरीवर नाही. बॅटरीने दगा दिला तर सगळंच बंद होतं, अर्धं नाही.

दोन दिवस नोंद ठेवा

कागदावरच लिहा, फोनमध्ये नको. किती वाजता झालं, तेव्हा काय चालू होतं, बॅटरी किती टक्के होती, फोन गरम होता का, चार्जिंगला होता का. एवढ्या पाच गोष्टी. सात-आठ नोंदी झाल्या की बहुतेक वेळा चित्र समोर येतं.

कॅमेरा उघडला की, फ्लॅश पडला की, गेम लावला की किंवा रेंज कमी असलेल्या जागी कॉल केला की बंद पडतो, आणि तेही बॅटरी निम्म्याखाली असताना, तर बॅटरीकडे बघा. चार्जरला लावलेला असताना तासन्‌तास मस्त चालतो आणि काढला की बंद पडतो, तरी बॅटरीच. उलट फक्त चार्जिंगला असतानाच होतं तर केबल, चार्जर नाहीतर पोर्ट. खिशात असताना, हातात घट्ट धरल्यावर किंवा टेबलावर जरा आपटला की होतं तर बटण किंवा आतलं काहीतरी सैल. एखादं ठराविक ॲप उघडलं की होतं तर सांगायलाच नको. आणि कसलाच मेळ लागत नाही, टेबलावर नुसता ठेवलेलाही मधेच रिस्टार्ट होतो, तर सॉफ्टवेअर किंवा बोर्ड, त्याकडे शेवटी येतो.

फुकटातले उपाय

कव्हर काढा. खरंच, आधी कव्हर काढा आणि एक दिवस तसाच वापरा. बहुतेक फोनमध्ये पॉवर बटण काही सेकंद दाबून धरलं, कुठे एकटं कुठे व्हॉल्यूम बटणासकट, की फोन जबरदस्तीने रिस्टार्ट होतो, ती सोय कंपनीने फोन अडकला तर म्हणून दिलेली असते, पण बटण घाणीने चिकटलं किंवा कव्हरने दाबलं तर फोनला वाटतं तुम्हीच धरून बसलाय. याची खूण म्हणजे मधेच स्क्रीन आपोआप बंद-चालू होणं, पॉवरचा मेन्यू स्वतःहून येणं, किंवा लोगो येतो-जातो-येतो असं ठराविक तालात चालणं. बटण दहा-वीस वेळा दाबून सोडून बघा, प्रत्येक वेळी टक करून वर येतंय का. कडेने सुक्या मऊ ब्रशने साफ करा, तेल बिल काही सोडू नका.

मग फोन बंद करून मेमरी कार्ड काढा, सिम पण काढा, आणि काही तास असाच चालवा. खराब झालेलं मेमरी कार्ड फोनला वाचताना अडकवतं, आणि ॲप्स कार्डावर हलवलेली असतील तर जास्तच. चार्जिंगच्या वेळचा त्रास असेल तर दुसरी केबल, दुसरा चार्जर लावून बघा, पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा, खिशातला कापूस तिथे दाबून बसलेला असतो. तो लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, फोन बंद करून. पाणी लागलं असल्याची शंका असेल तर चार्जिंगला लावूच नका, पूर्ण सुकेपर्यंत.

गरम होऊन बंद पडत असेल तर बहुतेक फोन आधी तसा मेसेज दाखवतात. ॲपल आयफोन वापरायला ० ते ३५ अंश सेल्सिअस हवा योग्य सांगतं, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर मॅप लावून चार्जिंग करत ठेवलेला फोन त्याच्या पार पलीकडे जातो. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, आत दव धरतं आणि मग खरा बिघाड सुरू होतो.

बॅटरी, हिच्यावर जरा थांबू

दोन-तीन वर्षं वापरलेला फोन असेल तर माझा पहिला संशय हिच्यावरच असतो, आणि लोकांना तेच पटत नाही, कारण "अहो पण ४० टक्के होती की!" टक्के म्हणजे बॅटरीत किती चार्ज शिल्लक आहे त्याचा फोनने काढलेला अंदाज. पण फोनला एका क्षणात किती करंट मिळतो ही वेगळीच गोष्ट आहे. टाकीत पाणी आहे पण नळात कचरा अडकलाय, तसं.

थोडं गणित बघा. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरली की साधारण ४.२ ते ४.४ व्होल्ट देते, आणि व्होल्टेज ३ च्या आसपास उतरलं की फोनमधली पॉवरची चिप स्वतःहून सगळं बंद करते. बॅटरी जुनी होते तसा तिचा आतला रोध वाढतो. समजा बॅटरी आत्ता ३.८ व्होल्टवर आहे आणि कॅमेऱ्याने, प्रोसेसरने मिळून एका क्षणासाठी ३ अँपिअर ओढले. नव्या बॅटरीचा रोध ०.१ ओहम धरला तर ०.३ व्होल्ट पडले, म्हणजे उरले ३.५, काही बिघडलं नाही. जुन्या बॅटरीचा ०.३ ओहम झाला असेल तर ०.९ पडले, उरले २.९, आणि फोन गेला. लोड गेला की व्होल्टेज परत वर येतं, म्हणून काही फोन लगेच उठतात आणि आपल्याला वाटतं रिस्टार्ट झाला. थंडीत रोध अजून वाढतो, त्यामुळे थंडीत त्रास जास्त आणि उकाड्यात कमी असं असेल तर तीही खूण. बंद होऊन चालू झाल्यावर टक्के एकदम ३५ चे ८ झाले किंवा उलटे वाढले, तर मग शंकाच नको.

हे फक्त स्वस्तातल्या फोनचं दुखणं नाही. आयफोन ६ आणि ६एस अचानक बंद पडत होते म्हणून ॲपलने जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ मध्ये जुन्या बॅटरीच्या फोनचा वेग कमी करायला सुरुवात केली, म्हणजे एकदम जास्त करंट ओढलाच जाऊ नये. ग्राहकांना ते धड सांगितलं नव्हतं, बोंब झाली, डिसेंबर २०१७ मध्ये माफी मागावी लागली, आणि २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरी हेल्थ बघायची सोय आली. आयफोनवर आता ती सेटिंग्जमध्ये बॅटरीखालीच मिळते, आणि बॅटरी पुरेसा करंट देऊ न शकल्याने फोन बंद पडला होता असं तिथे लिहून आलं असेल तर शोध संपला. ॲपलच्या हिशोबाने आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० सायकलनंतर (एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के चार्ज वापरून होणं) ८० टक्के क्षमता राखतात आणि १५ पासून पुढच्या १०००. अँड्रॉइडवर सॅमसंग मेंबर्ससारख्या कंपनीच्या ॲपमध्ये तपासणी असते, काही फोन अबाउट फोनमध्ये सायकल दाखवतात, काहींवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाकलं की माहिती येते, सगळ्यांवर नाही.

एक गोष्ट मात्र थांबून बघा. फोनची मागची बाजू वर आलीये का, स्क्रीन कडेने उचललीये का, सपाट टेबलावर ठेवला की डुगडुगतो का? तर बॅटरी फुगलीये. मग चार्जिंग बंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही, फोन बंद करून सरळ दुरुस्तीला न्यायचा, बाकीचे उपाय विसरा.

आणि पूर्ण उतरलेल्या बॅटरीचा एक वेगळा खेळ असतो, फोन १-२ टक्क्यांवर चालू व्हायला जातो, चालू होतानाच भरपूर करंट ओढतो, बंद पडतो, परत चालू व्हायला जातो, आणि आपण समजतो लोगोवर अडकला. अशा वेळी चांगल्या चार्जरला तासभर लावून ठेवा आणि मधे मधे पॉवर बटण दाबत बसू नका.

सॉफ्टवेअरकडे वळू

स्टोरेज बघा. पार गच्च भरलेला फोन विचित्र वागतो, सिस्टिमला स्वतःच्या फाइल लिहायला जागा लागते, काही जीबी मोकळे करा. मग सिस्टिम अपडेट आणि ॲप्सची अपडेट बघा, त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर त्यापुढचं छोटं अपडेट आलंय का तेही बघा, पण बॅटरी निम्म्याच्या वर आणि फोन चार्जरवर असतानाच टाका, अपडेट चालू असताना फोन बंद पडायला नको.

अँड्रॉइडवर खरं हत्यार म्हणजे सेफ मोड. पॉवरचा मेन्यू उघडा, पॉवर ऑफवर, काही फोनमध्ये रिस्टार्टवर, बोट दाबून धरा, सेफ मोडचं विचारलं की हो म्हणा. सॅमसंगवर चालू होताना लोगो दिसला की व्हॉल्यूम कमी करायचं बटण धरूनही जाता येतं. कोपऱ्यात सेफ मोड असं लिहून येतं आणि तुम्ही टाकलेली सगळी ॲप्स झोपलेली असतात. अशात एक दिवस काढा. तरी रिस्टार्ट झाला तर दोष ॲप्सचा नाही. नाही झाला तर बहुधा ॲपचा, पण इथे एक मेख आहे जी फार कोणी सांगत नाही, सेफ मोडमध्ये फोनवर लोडच कमी असतो, त्यामुळे दमलेली बॅटरीसुद्धा तिथे शहाण्यासारखी वागते. म्हणून सेफ मोडचा निकाल तुमच्या कागदावरच्या नोंदींशी लावून बघा.

ॲपच असेल तर ज्या दिवशी त्रास सुरू झाला त्याच्या आसपास टाकलेलं आधी काढा. साध्या ॲपला फोन रिस्टार्ट करायची परवानगीच नसते, ते कोसळलं तर स्वतःपुरतं कोसळतं. फोन पाडायचा तर सिस्टिमच्या एखाद्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवावं लागतं, म्हणून माझी नजर आधी लाँचर (होम स्क्रीन बदलणारी ॲप्स), थीम, फोन "फास्ट" करून देणारे क्लीनर आणि स्टोअरच्या बाहेरून टाकलेल्या फाइल्सवर जाते. क्लीनर तर एरवीही काढून टाका.

दुखरी जागा किती छोटी असू शकते त्याचा किस्सा म्हणजे २०२० चा वॉलपेपर. तळ्याचा एक सुंदर फोटो फिरत होता, तो वॉलपेपर म्हणून लावला की अँड्रॉइड १० चे काही फोन चालू-बंद, चालू-बंद करत बसायचे. फोटोची रंगांची मांडणी वेगळी होती, सिस्टिम प्रत्येक ठिपक्याची चमक ० ते २५५ मध्ये मोजायला गेली आणि हिशोब २५५ च्या पुढे गेला, एवढ्यावर कोसळली, उठली, परत तोच फोटो, परत कोसळली. काहींना शेवटी रिसेटच मारावा लागला. तेव्हा हल्ली काय बदललं या प्रश्नात वॉलपेपर, फॉन्ट, थीम हे पण धरा.

आयफोनला असा सेफ मोड नाही. तिथे अपडेट, जागा मोकळी करणं आणि संशयित ॲप काढणं एवढंच हातात.

लोगोच्या पुढेच जात नसेल तर

आधी जबरदस्तीचा रिस्टार्ट. आयफोन ८ आणि पुढच्यांवर व्हॉल्यूम वाढवायचं बटण दाबून सोडा, कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण लोगो येईपर्यंत धरून ठेवा. अँड्रॉइडवर बहुतेक ठिकाणी पॉवर आणि व्हॉल्यूम कमी एकत्र, दहा-वीस सेकंद, गूगलच्या पिक्सेल फोनवर नुसतं पॉवर ३० सेकंद.

अँड्रॉइड ८ पासून सिस्टिमला स्वतःच कळतं की आपण सारखे कोसळतोय, आणि शेवटी ती एक स्क्रीन दाखवते की डेटा खराब झाला असावा, परत प्रयत्न करू की सगळं पुसू. तिथे घाबरून पुसायचं बटण दाबू नका! आधी परत प्रयत्न, दोन-तीनदा. जुन्या फोनच्या रिकव्हरी मेन्यूत, म्हणजे सिस्टिम चालू न होताही उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेन्यूत, नुसती कॅश (तात्पुरत्या फाइल) पुसायचा पर्याय असतो, त्याने डेटा जात नाही, पण तो बऱ्याचदा सगळा डेटा पुसणाऱ्या पर्यायाच्या शेजारीच असतो, त्यामुळे व्हॉल्यूम बटणाने खाली-वर करताना नीट वाचा. नव्या बऱ्याच फोनमध्ये हा पर्यायच नाही. नव्या सॅमसंगना तर रिकव्हरीत जायला आधी केबलने कॉम्प्युटरला जोडावं लागतं.

आयफोन कॉम्प्युटरला जोडून तीच बटणं तशीच दाबायची, पण लोगो आला तरी सोडायचं नाही, केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र येईपर्यंत. मग स्क्रीनवर अपडेट आणि रिस्टोअर असे दोन पर्याय येतात. अपडेट निवडा, त्यात डेटा ठेवून सिस्टिम परत बसते, रिस्टोअरमध्ये सगळं जातं. डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागलं तर फोन त्या स्क्रीनमधून बाहेर येतो, तेव्हा डाउनलोड संपू द्या आणि बटणांचा कार्यक्रम परत करा.

आता रिसेट

बॅकअप झालाय, गूगल किंवा ॲपल अकाउंटचा पासवर्ड पाठ आहे, तरच. रिसेटनंतर फोन जुन्याच अकाउंटचा पासवर्ड मागू शकतो, चोरी होऊ नये म्हणून, आणि तो आठवला नाही की आपणच आपल्या फोनच्या बाहेर.

रिसेट झाल्यावर सगळे जण एक चूक करतात, जुना बॅकअप पूर्ण ओढून घेतात, शंभर ॲप्स परत येतात आणि काहीच कळत नाही. एक दिवस फोन कोरा चालवा. कॅमेरा, व्हिडिओ, कॉल, बास. कोरा असूनही रिस्टार्ट झाला तर सॉफ्टवेअर निर्दोष सुटलं, आता फोन उघडावाच लागेल. नाही झाला तर ॲप्स थोडी थोडी करून टाका, दिवसाला पाच-दहा.

दुरुस्तीला देताना

नुसतं "रिस्टार्ट होतो" असं सांगू नका, तो कागद सोबत न्या. फोन पडल्यानंतर किंवा भिजल्यानंतर सुरू झालं असेल तर लपवू नका, कारण बोर्डावरच्या चिपखालचे सोल्डर सुटले की फोन तापल्यावर किंवा जरा वाकल्यावर बंद पडतो आणि ते शोधायला वेळ लागतो. न पडताही होतं हे, २०१६ मध्ये एलजीने जी४ च्या लोगोवर अडकण्यामागे आतल्या भागांचा सैल जोड असल्याचं मान्य केलं होतं.

आयफोन घड्याळ लावल्यासारखा साधारण दर ३ मिनिटांनी रिस्टार्ट होत असेल तर ते आवर्जून सांगा. आतल्या एखाद्या सेन्सरचं उत्तर आलं नाही की सिस्टिमचा पहारेकरी तेवढा वेळ वाट बघतो आणि फोन पाडतो, आणि दोषी बऱ्याचदा चार्जिंग पोर्टची किंवा पॉवर बटणाची पट्टी (बोर्डाला जोडणारी चपटी वायर) असते, खास करून ती आधी कधी बदलली असेल तर. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली ॲनालिटिक्स डेटात पॅनिक फुल नावाने सुरू होणाऱ्या फाइल्स असतात, जाणकार माणूस त्या वाचून कुठली पट्टी ते बऱ्याचदा सांगू शकतो. म्हणजे पूर्ण बोर्ड बदला म्हणून कोणी सांगितलं तर आधी त्या फाइल्स बघितल्या का ते विचारा.

फोन परत आला की आठवडाभर रोज रात्री अप टाइम बघत जा.